ऊन फुकट, व्याज महाग

सूर्य कोणाकडे बिल पाठवीत नाही आणि वारा कोणाकडून जकात घेत नाही. तेव्हा त्यांच्यापासून निर्माण होणारी वीज जवळजवळ फुकटच मिळाली पाहिजे, असा समज सुशिक्षित माणसांतही बराच रूढ आहे. सौरऊर्जेची बाजू मांडणारे व्याख्याते तो वाढवितात, आणि त्यांच्या विरोधकांना मग ‘एवढी फुकट असेल तर सरकार अनुदान कशाला देते?’ असा प्रतिप्रश्न करण्याची आयती संधी मिळते. दोन्ही पक्षांच्या हातून एक साधी गोष्ट निसटते. ऊन फुकट असते, ते पकडण्यासाठी आज मोजावे लागणारे भांडवल फुकट नसते. ते कोणीतरी, कोणाकडून तरी व्याजाने आणलेले असते. आणि सौरविजेचा दर मुख्यतः आकाशात ठरत नाही, तो बँकेच्या कर्जविभागात ठरतो.

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राचा खर्च दोन प्रकारचा असतो: एकदा केंद्र उभारण्याचा, आणि नंतर तीस-चाळीस वर्षे वाघिणी भरभरून येणाऱ्या कोळशाचा. यांतला दुसरा खर्च जसजशी वीज विकली जाते तसतसा करता येतो. केंद्र बंद ठेवले तर कोळसाही शिल्लक राहतो. सौर किंवा पवन प्रकल्पाला ही सवड नाही. पंचवीस वर्षांच्या विजेची किंमत तेथे जणू पहिल्याच दिवशी रोख मोजावी लागते. पुढे उरतो तो पॅनेल धुण्याचा, राखणदाराचा आणि विम्याचा किरकोळ खर्च.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एक मेगावॅटचा सौर प्रकल्प चार कोटी रुपयांत उभा राहिला आणि त्यातून वर्षाला सोळा लाख युनिट वीज मिळाली. महाराष्ट्राच्या उन्हात हे आकडे अवास्तव नाहीत. ही चार कोटींची रक्कम बिनव्याजी मिळाली आणि पंचवीस समान वार्षिक हप्त्यांत फेडावयाची ठरली, तर हप्ता सोळा लाखांचा, म्हणजे युनिटमागे बरोबर एक रुपया पडेल. तीच रक्कम सहा टक्क्यांनी घेतली तर हप्ता एकतीस लाखांवर जातो आणि युनिटचा भार १ रुपया ९६ पैसे होतो. बारा टक्क्यांनी घेतली तर हप्ता ५१ लाख, आणि युनिटमागे ३ रुपये १९ पैसे. ऊन तेच, यंत्रे तीच, जमीन तीच. परंतु शेवटच्या दरातले दोन रुपयांहून अधिक निव्वळ व्याजाचे आहेत. औष्णिक केंद्रात जे स्थान कोळशाचे, तेच सौर प्रकल्पात व्याजाचे. चक्रवाढ व्याजाचे गणित मुलांना कंटाळवाणे वाटते अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण एकदा फळ्यावर सोडवून पाहावे.

मग व्याज कशाने उतरते? रिझर्व्ह बँकेच्या धोरणाने ते काही अंशी उतरते हे खरेच. पण एकाच दिवशी, एकाच बँकेकडून दोन प्रकल्पांना निरनिराळ्या दराने कर्ज मिळते, त्याचे कारण वेगळे आहे. सावकाराला भीती वाटते ती ऊन पडणार नाही याची नव्हे. वीज विकत घेणारी वितरण कंपनी पैसे वेळेवर देईल की नाही, जमिनीचा ताबा मिळेल की नाही, वीज वाहून नेणारी वाहिनी वेळेत उभी राहील की नाही, आणि सरकार बदलल्यावर करार टिकेल की नाही, याची त्याला भीती असते. या भीतीची किंमत तो व्याजात धरतो आणि अखेर ती आपल्या बिलात येते.

याचा सर्वांत बोलका पुरावा मध्य प्रदेशातील रीवा येथे मिळाला. तेथील ७५० मेगावॅटच्या प्रकल्पाचा लिलाव फेब्रुवारी २०१७ मध्ये झाला आणि पहिल्या वर्षासाठी युनिटला २ रुपये ९७ पैसे असा दर आला. त्याच्या वर्षभर आधी राजस्थानातील एका लिलावात आलेला ४ रुपये ३४ पैशांचा दर नीचांकी मानला गेला होता. या काळात पॅनेलच्या किमती उतरल्या होत्या हे नाकारता येणार नाही. पण रीव्याचे श्रेय तेवढ्यावर संपत नाही. तेथे केंद्र आणि राज्य या दोन्ही सरकारांच्या संस्थांनी मिळून एक संयुक्त कंपनी काढली. जमीन आणि पारेषणाची व्यवस्था तिने आधी केली आणि मग निविदा मागविल्या. विजेचा काही भाग दिल्ली मेट्रोसारख्या वेळेवर पैसे देणाऱ्या ग्राहकाला विकण्याचे ठरले. खरेदीदाराने पैसे थकविलेच तर प्रथम बँकेचे पतपत्र, ते न पुरल्यास त्यासाठीच राखलेला निधी आणि तोही आटल्यास राज्य शासनाची हमी अशी तिपेडी तटबंदी करारात घालण्यात आली. यांतल्या बऱ्याचशा तरतुदींसाठी रोख पैसा लागला नाही. लागली ती कागदपत्रे नीट लिहिण्याची मेहनत. अनुदानाने जे साधले नसते ते शब्द पाळण्याच्या तयारीने साधले. पुढे त्याच वर्षी मे महिन्यात राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैसे, आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे इतका दर खाली आला.

आता याची दुसरी बाजू पाहा. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये सत्तांतर झाले आणि आधीच्या राजवटीत ठरलेले पवन व सौर विजेचे दर महाग आहेत, ते कमी करावेत, असा पवित्रा नव्या सरकारने घेतला. दर महाग होते की नव्हते हा वादाचा विषय आहे. पूर्वीचे करार आजच्या घसरलेल्या दरांशी ताडून पाहिले तर ते महाग दिसणारच. प्रकल्पधारकांची देणी तुंबली, बँकांची कर्जे अडचणीत आली, प्रकरण न्यायालयात गेले. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने मूळ करारातील दरानेच थकबाकी देण्याचा आदेश दिला. सरकार हरले ही बातमी झाली. परंतु मधल्या तीन वर्षांत देशातील प्रत्येक कर्जविभागाने आपल्या वहीत काय नोंदविले असेल, याची बातमी होत नाही. एका राज्याच्या अविश्वासाचे व्याज शेजारच्या राज्यांनाही भरावे लागते.

थकबाकीचा रोग अर्थात एकट्या आंध्रचा नाही. जून २०२२ मध्ये देशातील वितरण कंपन्यांकडे सर्व प्रकारच्या वीजनिर्मात्यांचे मिळून एक लाख ३७ हजार कोटी रुपयांहून अधिक येणे होते. त्या वर्षी केंद्राने विलंब-अधिभाराचे नवे नियम केले, जुनी देणी हप्त्यांनी फेडण्याची वाट करून दिली आणि पुन्हा थकविणाऱ्यांना बाजारातील वीज तोडण्याची तंबी दिली. तंबीचा परिणाम झाला आणि थकबाकी बरीच उतरली. हे नियम वर्तमानपत्रांत आतल्या पानावर छापून आले. एखाद्या सौर उद्यानाच्या उद्घाटनाला मात्र पहिले पान मिळते. दोहोंत अधिक वीज कशाने निर्माण झाली असेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

महाराष्ट्राने हाच धडा उलट्या बाजूने गिरविला. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे पठारांवर ओळीने उभ्या असलेल्या पवनचक्क्या अनेकांनी सहलीत पाहिल्या असतील. त्यांचे भांडवल कोठून आले, याची हकीगत मोठी उद्बोधक आहे. कंपनीने यंत्र विकत घेतले की त्याची किंमत दरवर्षी थोडी थोडी घसारा म्हणून नफ्यातून वजा करण्याची मुभा आयकर कायदा देतो. पवनचक्कीच्या बाबतीत ही मुभा विलक्षण उदार होती. १९९० नंतरच्या दशकात संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा करता येई. पुढे हे प्रमाण ८० टक्के झाले. त्यातच राज्य शासनाने विक्रीकराच्या सवलतीची भर घातली. परिणाम असा झाला की ज्यांचा विजेशी कधी संबंध आला नव्हता असे कारखानदार पवनचक्क्यांचे मालक बनले. त्यांच्या दृष्टीने ती वीज निर्माण करण्याचे साधन कमी आणि कर वाचविण्याचे साधन अधिक होते. पवनचक्की वाऱ्यासाठी नव्हे, ३१ मार्चसाठी उभारली जाई. ती आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी सुरू झाली की मालकाचे मुख्य काम झाले. मग ती किती फिरते याची त्याला फारशी फिकीर उरत नसे.

या धोरणाने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पवनयंत्रे बनविणारा देशी उद्योग त्यातूनच उभा राहिला, आणि त्यातली एक मोठी कंपनी १९९५ मध्ये पुण्यात जन्मली. परंतु सरकार पैसे मोजीत होते ते यंत्र उभारण्याचे, वीज निर्माण करण्याचे नव्हे. ही चूक लक्षात येण्यास बरीच वर्षे गेली. डिसेंबर २००९ मध्ये ग्रीडला दिलेल्या प्रत्येक युनिटमागे पन्नास पैसे देण्याची योजना केंद्राने आणली. ही दिशा योग्य होती. पण २०१२ च्या एप्रिलपासून वाढीव घसारा आणि हे उत्तेजन या दोन्हींना एकदमच खीळ बसली, आणि देशात वर्षाला नव्याने उभ्या राहणाऱ्या पवनविजेचे प्रमाण सुमारे ३,२०० मेगावॅटवरून १,७०० मेगावॅटवर कोसळले. मग २०१३ मध्ये एक सवलत परत आली, २०१४ मध्ये दुसरी परत आली, आणि २०१७ पासून घसाऱ्याचे प्रमाण ४० टक्क्यांवर आणण्यात आले. अशा धरसोडीनंतर भांडवल स्वस्तात मिळावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

या सवलतीचा एक सामाजिक अर्थही आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ झालीच नाही. घसाऱ्याचा लाभ ज्याला मोठा व्यावसायिक नफा आहे त्यालाच घेता येतो. ज्या शिक्षकाचा किंवा कारकुनाचा कर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो, त्याला पवनचक्कीतून कर वाचविण्याचा मार्ग नव्हता. सरकारी तिजोरीने सोडलेला कर मात्र त्याच्याही वाट्याचा होता.

आणि तरीही या प्रकल्पांत त्याचे पैसे नाहीत असे नाही. बँकेतील मुदत ठेव, आयुर्विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी या मार्गांनी मध्यमवर्गाची बचत कर्जे आणि रोखे होऊन देशाच्या वीज उद्योगात कधीची वाहते आहे. अपारंपरिक ऊर्जेला कर्ज देण्यासाठी केंद्र सरकारने मार्च १९८७ मध्ये इरेडा ही संस्था काढली, तेव्हा सौरऊर्जा म्हणजे सौरचूल अशीच बहुतेकांची कल्पना होती. त्या संस्थेचे रोखे घेणाऱ्या विमा कंपन्या आणि निर्वाह निधी ही आपल्याच बचतीची दुसरी नावे आहेत. ठेवीदाराला मिळणारे व्याज आणि प्रकल्पाला पडणारे व्याज यांत जे अंतर असते त्याला कारणे आहेत, काही रास्तही आहेत. पण पैसा आपला, जोखीम शेवटी आपलीच, आणि कोणत्या डोंगरावर तो लागला हे मात्र आपल्याला ठाऊक नाही, अशी ही स्थिती आहे.

इरेडाचीच भागविक्री नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली, तेव्हा सामान्य माणसाला या क्षेत्रात प्रवेश मिळाला असे म्हटले गेले. बत्तीस रुपयांचा भाग २०२४ च्या जुलैत तीनशेच्या पुढे गेला आणि पुढच्या मार्चपर्यंत त्या उच्चांकाच्या निम्म्याहूनही खाली आला. या चढउताराचा विजेच्या निर्मितीशी किती संबंध होता, हे ज्यांनी शिखरावर खरेदी केली त्यांना विचारावे. ऊर्जेतील गुंतवणूक आणि ऊर्जेवरचा सट्टा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचवीस वर्षे संथपणे चालणाऱ्या यंत्राला साजेसे साधन म्हणजे रोखा. त्याचे उत्पन्न बेताचे, पण ठरलेले असते.

या दृष्टीने इंदूरने जे केले ते महाराष्ट्रातील नगरपालिकांनी बारकाईने पाहावे. माळव्याच्या पठारावरील या शहराचे पाणी नर्मदेवरील जलूद येथून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, उंच चढवून आणावे लागते. इंदूरच्या नळाला येते ते पाणी म्हणजे एका अर्थी वीजच होय, आणि तिच्या बिलाने महापालिका वर्षानुवर्षे वाकली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने जलूदच्या परिसरात साठ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी २४४ कोटींचे रोखे थेट जनतेला विक्रीस काढले. व्याज सव्वाआठ टक्के, परतफेड तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांच्या चार टप्प्यांत. १२२ कोटींच्या मूळ रकमेसाठी सुमारे ७२० कोटींची मागणी आली. सव्वाआठ टक्के हा दर काही स्वस्त नव्हे, आणि अशा रोख्यांची मोठी खरेदी संस्था व धनिकच करतात. पण कर्ज कशासाठी, ते फिटणार कशातून आणि देणारा कोण, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच शहरात सापडतात, हे या व्यवहाराचे वैशिष्ट्य आहे. पुण्यानेही २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी दोनशे कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी विकले होते. मात्र ते संस्थात्मक गुंतवणूकदारांना. सदाशिव पेठेतल्या निवृत्त लेखनिकाला त्यात पैसे गुंतविता आले नाहीत. ज्याला असे रोखे घ्यावयाचे असतील त्याने एवढे ध्यानात ठेवावे की बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे जे संरक्षण असते ते येथे नाही, आणि मध्येच पैशांची निकड लागली तर गिऱ्हाईक मिळेलच असेही नाही.

घराच्या छपरावरील गुंतवणूक यापेक्षा सोपी दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे केंद्रीय अनुदान ठरविण्यात आले, आणि उरलेल्या रकमेसाठी सरकारी बँकांनी गृहकर्जाहूनही स्वस्त कर्ज देऊ केले. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एका निवृत्त गणित शिक्षकांनी याचा ताळेबंद मांडला. जिन्यातले दिवे, पंप आणि उद्वाहन यांच्या बिलात जी बचत होईल ती संस्थेच्या ठेवीवरील व्याजाच्या कितीतरी पट आहे, हे त्यांनी पैपैशासह सिद्ध केले. हिशेबात कोणालाच चूक काढता आली नाही. ठराव मात्र बारगळला. इमारत पाच वर्षांत पुनर्विकासाला गेली तर पॅनेलचे काय, या एका प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. सभेने नकळत तेच केले जे बँक करते: परताव्याकडे पाहिले नाही, मुदतीकडे पाहिले.

सामूहिक मालकीचा प्रश्न येथे उपस्थित होतो, आणि सहकाराच्या भूमीत तो टाळता येणार नाही. कोपनहेगनच्या समुद्रात मिडलग्रुंडेन येथे २००० साली वीस पवनचक्क्या उभारण्यात आल्या. त्यांतल्या निम्म्या साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. शिक्षक, परिचारिका, दुकानदार अशी साधी माणसे त्यांत भागधारक झाली. डेन्मार्क फार दूर वाटत असेल तर गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गाव पाहावे. तेथे २०१६ मध्ये मूठभर शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि सिंचनाला न लागणारी वीज ते वीज कंपनीला विकू लागले. विजेचे पैसे मिळतात म्हणून पाणी जपून उपसण्याची बुद्धी होते, हा त्यातला दुहेरी लाभ.

महाराष्ट्रात मात्र वीज आणि सहकार हे शब्द एकत्र उच्चारले की मुळा-प्रवरेची आठवण होते. श्रीरामपूर परिसरातील ग्राहकांची ही सहकारी वीज संस्था जवळजवळ चार दशके चालली आणि प्रचंड थकबाकीच्या ओझ्याखाली २०११ मध्ये तिचे वितरण महावितरणकडे गेले. तिच्यावरून सहकारच निकामी ठरविणारे एक गोष्ट विसरतात. मुळा-प्रवरा वीज विकत घेऊन वाटीत होती. वसुली हे तिचे दुखणे होते. निर्मिती करून एकाच ग्राहकाला मीटरवर वीज विकणाऱ्या संस्थेला गावोगाव वसुली करावी लागत नाही. साखर कारखान्यांनी चिपाडावर चालविलेल्या वीजनिर्मितीने हे दाखवून दिलेच आहे.

आज राज्यात शेतीच्या वाहिन्यांसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा राबविला जात आहे. उपकेंद्राजवळ खासगी कंपनी प्रकल्प उभारते, महावितरण तीन रुपयांच्या आसपास दराने पंचवीस वर्षे वीज घेते आणि शेतकऱ्याला दिवसा पुरवठा मिळतो. दिवसा वीज मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. रात्री साप-विंचवांतून पंप सुरू करावयास जाणाऱ्या कुटुंबांना तिचे मोल विचारावे. जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आहे. म्हणजे गावाचा वाटा भाड्याचा. भांडवल बाहेरचे, व्याज बाहेर जाणार आणि नफाही बाहेरच जाणार.

याच तालुक्यांतून प्राथमिक शिक्षकांच्या, जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या, पगारदार नोकरांच्या पतसंस्था आहेत. त्यांच्याकडे ठेवी आहेत आणि हप्ता पगारातून कापला जात असल्याने वसुलीची शिस्तही आहे. आपल्या गावच्या उपकेंद्राशेजारील प्रकल्पाच्या रोख्यांत यांतली काही रक्कम गुंतविता आली, तर कर्ज देणारा आणि वीज वापरणारा एकमेकांच्या नजरेत राहतील. परंतु सहकार कायद्याच्या कलम ७० ने पतसंस्थेने पैसे कोठे ठेवावेत यावर बंधने घातली आहेत. ठेवीदाराच्या रक्षणासाठी ती आवश्यकच होती. ती सरसकट काढून टाका असे कोणी शहाणा म्हणणार नाही. महावितरणशी करार झालेल्या, सुरू होऊन दोन-तीन वर्षे नियमित पैसे मिळालेल्या प्रकल्पांच्या रोख्यांपुरती, ठेवींच्या एका लहान टक्क्यापर्यंत आणि स्वतंत्र लेखापरीक्षणाच्या अटीवर ही वाट मोकळी करता येईल. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची बिले २०२४ पासून राज्य शासनानेच भरावयाचे मान्य केले असल्याने, महावितरणकडे पैसे वेळेवर येतात की नाही हे शासनाच्या अनुदानावर अवलंबून आहे. तेव्हा रीव्याप्रमाणे राखीव निधीची तटबंदी येथेही लागेल. किंबहुना ती आधी उभारावी आणि पतसंस्थांना मग बोलवावे. हे काम सहकार, ऊर्जा आणि वित्त अशा तीन खात्यांत विभागलेले असल्यामुळे कोणा एकाच्या मेजावर पडणार नाही, ही त्यातली खरी अडचण. इकडे प्रकल्पांचे पंचवीस वर्षांचे करार होत चालले आहेत आणि त्यांची कर्जे ठरत चालली आहेत.